परत येण्याची वाट दाखवणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

सप्रेम सलाम.

गेल्या पावसाळ्यात मासुंदा तलावाच्या काठी आपण माझ्यासाठी दोन तास दिलेत, त्याबद्दल हे आभार मी चारचौघांत मानत आहे, कारण देवापासून दूर गेल्यावर आता परत येता येणार नाही, ही माझी भीती उराशी धरून ठाण्यातल्या एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आणखी कोणी मागच्या बाकावर बसलेले असेल.

वडील गेल्यानंतर चार वर्षे मी प्रार्थना सोडली होती, आणि परत यावेसे वाटले तेव्हा बायबलमधील इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय आडवा आला. एकदा प्रकाश मिळालेले लोक पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असे तेथे लिहिले आहे. एका प्रार्थनासभेत विचारले, तर 'तुझा विश्वास मुळात खराच नसेल' एवढेच उत्तर मिळाले आणि माझी झोप उडाली.

मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील येशूचे वचन सांगून आपल्याला मोकळे होता आले असते. तरीही इब्री पत्रातील इशारा हलका करू नये, असे आपण बजावलेत. विश्वासणारा आपले तारण, म्हणजे पापातून मिळालेली सुटका, गमावू शकतो का, हा मुद्दा डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये शास्त्रातून अधिक तपासण्यासाठी खुला ठेवला, १६१८-१९ च्या डॉर्टच्या (नेदरलँड्समधील) धर्मसभेने देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो असे ठरवले, आणि पुढे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी विश्वासणारा तारण गमावू शकतो असे मानले, हे आपण कोणालाही कमी न लेखता समजावलेत. पण डॉर्टची सभाही दावीद राजा आणि येशूचा शिष्य पेत्र यांचे गंभीर पतन मान्य करते, आणि वेस्लीही घसरलेल्याला परत बोलावतो. मला परत येता येईल का, हा माझा खरा प्रश्न आपण माझ्याआधी ओळखलात, आणि त्यावर दोन्ही पक्ष 'ये' असेच म्हणतात हे दाखवलेत.

मग आपण त्याच अध्यायातील नववे वचन मला मोठ्याने वाचायला लावलेत. इतका कठोर इशारा दिल्यावर लेखक त्याच वाचकांना 'प्रियजनहो' म्हणतो आणि तुमच्याविषयी याहून चांगल्या गोष्टींची, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे असे लिहितो. चार वर्षे मी आठव्या वचनापाशीच थांबत होतो. 'प्रियजनहो' हा शब्द माझ्या तोंडून नीट निघाला नाही; आपण छत्री माझ्या बाजूला सरकवून वाट पाहत राहिलात.

पुढच्या रविवारी प्रभुभोजनासाठी मी हात पुढे केला, आणि भाकर देताना आपण मला नावाने हाक मारलीत.

आपल्या मंडळीतील एक