केंद्रामागे एक विशेष शिक्षक, आणि मुलाला टॉयलेटला न्यायला आईच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी माण तालुक्यातली एक पालक. माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे पाय कडक राहतात, उजवा हात बऱ्यापैकी चालतो, डावा नाही, बोलतो पण नवीन माणसाला ते पटकन कळत नाही. डोकं एकदम चांगलं चालतं. पहिलीपासून आजपर्यंत मी रोज त्याच्याबरोबर शाळेत जाते आणि साडेदहा ते पाच शाळेच्या व्हरांड्यात बसून राहते. चौथं वर्ष आहे हे. का बसते, तर त्याला टॉयलेटला न्यायला शाळेत दुसरं कोणी नाही. दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर पेपरात येतं तेव्हा रॅम्पचे नाहीतर साहित्य वाटपाचे फोटो येतात, शाळेत या मुलांसाठी माणसं किती नेमलीत ते कोणी छापत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

आधीच सांगते, शाळेबद्दल माझी तक्रार नाही. दोनशिक्षकी शाळा आहे, बाईंकडे पहिली-दुसरी, सरांकडे तिसरी-चौथी, वर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, मतदारयादीचं काम, तालुक्याच्या मीटिंगा, आणि एकजण मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. बाईंनी सुरुवातीला कितीदा स्वतः उचललाय त्याला, पण तो आता पंचवीस किलोचा झालाय आणि बाईंची पाठ दुखते, आणि त्याला नेऊन, स्वच्छ करून, कपडे नीट करून परत बाकावर बसवायला पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढा वेळ बाकीच्या पोरांना कोणाच्या भरवशावर सोडणार?

आता एक गोष्ट बघा. हाच मुलगा अंगणवाडीत होता तेव्हा मला बसावं लागत नव्हतं. अंगणवाडीत सेविका असते आणि मदतनीस असते, सरकारने ते पदच ठेवलंय. मदतनीस ताई त्याला कडेवर घ्यायची, भरवायची, बाहेर न्यायची, मी घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचे, महिन्याला चार पैसे मिळायचे. सहा वर्षाचा झाला, पहिलीत नाव घातलं, अंगणवाडीपासून शाळा शंभर पावलांवर, आणि त्या शंभर पावलांत मदतनीस हे पदच संपलं. मुलाचे पाय तेच आहेत हो, वजन तेवढं वाढलं. मशीन तेव्हापासून झाकून ठेवलंय. मालक वाशी मार्केटला माथाडी आहेत, महिन्यातून एकदा येतात, त्यामुळे घरातलं दुसरं कोणी बसायला नाही. मला ताप आला की शाळेत गैरहजेरी त्याची लागते.

आणि एक गोष्ट मला मागच्या वर्षी कळली तेव्हा मी रडले होते. तो सकाळपासून पाणी पीत नाही. बाटली भरलेली घरी येते. विचारलं तर म्हणाला, आई, पोरं बघतात. दहा वर्षाचा मुलगा आहे, आई त्याला उचलून नेते हे त्याला आता नको वाटतं, म्हणून उन्हाळ्यातही तो संध्याकाळपर्यंत तसाच बसतो. यावर कुठल्या रजिस्टरला रकाना नाही.

आता विशेष शिक्षकाचं सांगते. आमच्याकडे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले एक सर येतात, गावात सगळे त्यांना फिरते सर म्हणतात. आमच्या केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, तेरा शाळा. रोज एक शाळा धरली तरी आमचा नंबर पंधरा दिवसांनी लागतो, आणि मध्ये साहित्यासाठी मुलांचं मोजमाप शिबिर, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची कामं, तालुक्याला अहवाल, हॉस्पिटलच्या तपासणीला पोरांना घेऊन जाणं हे सगळं त्यांच्याकडेच, त्यामुळे कधीकधी महिना होतो. आले की जेमतेम तासभर माझ्या मुलाजवळ बसतात कारण अजून दोन पोरं आहेत, एक मुलगी ऐकू कमी येणारी आणि एक मुलगा ज्याला तिसरीत असूनही अक्षरं लागत नाहीत.

पण त्या तासात काय होतं ते मी व्हरांड्यातून बघितलंय. दुसरीत असताना सरांनी एका पुठ्ठ्यावर चित्रं आणि अंक चिकटवून दिले आणि बाईंना सांगितलं, याला तोंडी उत्तर मागू नका, बोट ठेवायला सांगा. त्या दिवसापर्यंत वर्गात सगळ्यांना वाटत होतं याला गणित येत नाही. बोट ठेवायला लागल्यावर कळलं की बेरीज त्याला सगळ्यांच्या आधी येते. वर्षभर हे कोणालाच कळलं नव्हतं, बाईंना नाही आणि मलासुद्धा नाही, कारण हे कसं बघायचं ते शिकलेलं माणूस लागतं. एकदा काही कारणाने सर सलग चार दिवस आमच्या शाळेत आले होते, त्या चार दिवसात तो जाड पेन्सिल धरून स्वतःचं नाव काढायला शिकला. नंतर सव्वा महिना ते आले नाहीत आणि ती पकड गेली. परत पहिल्यापासून.

सरांचं शिक्षण कर्णबधिर मुलांच्या डिप्लोमाचं आहे. विशेष शिक्षकांचे कोर्स असे वेगवेगळे असतात, कोणाचा ऐकू न येणाऱ्यांचा, कोणाचा अंध मुलांचा, कोणाचा बौद्धिक अक्षमतेचा. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार एकवीस आहेत, १९९५ च्या कायद्यात सात होते. म्हणजे एकाच माणसाने तेरा शाळांत हे सगळे प्रकार सांभाळायचे. सर स्वतः सांगतात की सेरेब्रल पाल्सीचं मी यूट्यूबवर बघून आणि फिजिओथेरपीवाल्यांना विचारून शिकलो. त्यांचा मोठेपणा आहे, पण एखाद्याच्या मोठेपणावर किती दिवस चालवणार? त्यात ते पंधरा-सोळा वर्षं कंत्राटी होते, दरवर्षी ऑर्डर येईल का नाही याची धाकधूक असायची.

सरांनीच मला व्हॉट्सॲपवर कोर्टाच्या निकालाबद्दल आणि जीआरबद्दल पाठवलं, व्हरांड्यात बसून वाचायला मला वेळच वेळ आहे, म्हणून जे समजलं ते लिहिते. सुप्रीम कोर्टाने २८ ऑक्टोबर २०२१ ला रजनीश कुमार पांडे यांच्या केसमध्ये सांगितलं की साध्या शाळांमध्येही विशेष शिक्षकांची कायम पदं पाहिजेत, आणि पुढे प्रमाण ठरलं की प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक. केंद्र सरकारने २०२२ मध्ये हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही घातलं. तरी राज्यांनी पदं काढली नाहीत म्हणून मार्च २०२५ मध्ये कोर्टाने परत सांगितलं की तीन आठवड्यात पदं जाहीर करा आणि भरती करा.

आपल्या राज्याने २०२४ मध्ये ४८६० विशेष शिक्षक पदं मंजूर केली, आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर असलेल्या जवळपास तीन हजार लोकांना त्यात घ्यायचं ठरवलं. सरांसारख्यांना न्याय मिळतोय याचा मला मनापासून आनंद आहे, गावात आम्ही त्यांना पेढे दिले. पण ४८६० हा आकडा आला कुठून? राज्यात शाळांची केंद्रं ४८६०. प्रत्येक केंद्राला एक. म्हणजे मोजणी केंद्रांची केली, मुलांची केलीच नाही. आमच्या केंद्रात सर सांगतात पहिली ते आठवी मिळून चाळीसच्या वर मुलं आहेत. दहाला एक आणि पंधराला एक धरलं तर तीन-चार शिक्षक पाहिजेत. मिळणार एकच, आणि तो आत्ता आहेच. म्हणजे सरांची नोकरी पक्की झाली (व्हायलाच पाहिजे होती) पण माझ्या मुलाच्या वाट्याला पंधरा दिवसातला जो एक तास येतो तो तेवढाच राहणार.

आणि यात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे, २०२१ च्या त्याच निकालात कोर्टाने म्हटलंय की पुरेसे शिक्षक मिळेपर्यंत फिरते शिक्षक वापरले तर चालतील, तात्पुरती सोय म्हणून. तात्पुरती! आपण ती तात्पुरती सोय उचलून तिचीच कायम पदं केली. त्याच निकालात साध्या शाळांतल्या बाकीच्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना सक्तीने ट्रेनिंग द्या असंही आहे. आमच्या बाई सांगतात त्यांचं एवढ्या वर्षात या विषयावर दोन दिवसांचं झालं, त्यात सेरेब्रल पाल्सीचा मुलगा बाकावर कसा बसवायचा, घास घशात अडकला तर काय करायचं, यातलं काही नव्हतं.

मदतनिसाबद्दल मी पंचायत समितीत एकदा विचारायला गेले होते. तिथे मला तीन पर्याय सांगितले. एक, मदतनीस भत्ता घ्या. तो आम्ही घेतो, पण वर्षाकाठी जे खात्यात जमा होतं त्यात कोणी आठवडाभरसुद्धा सकाळ ते संध्याकाळ थांबणार नाही, तो मुलाला आणायच्या-न्यायच्या कामाचा आहे. दुसरा, गृहाधारित शिक्षण घ्या, म्हणजे घरीच ठेवा. कायद्याने जास्त तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकायचा हक्क दिलाय हे मला माहितीय, पण तो ज्याला शाळेत जाताच येत नाही त्याच्यासाठी. माझा मुलगा रविवारी विचारतो आज शाळा का नाही. त्याचा एक मित्र आहे, तो त्याचा वॉकर रोज स्वतः धरतो, डबा उघडून देतो. घरी ठेवलं तर तो मित्र कुठून आणू मी? तिसरा पर्याय, निवासी विशेष शाळा. तिथे काळजीवाहक असतात, हे खरं. म्हणजे सरकारला कळतं की अशा मुलांना हे माणूस लागतं, पदाला नावही आहे, फक्त ती शाळा दिव्यांग कल्याण विभागाची आणि आमची शालेय शिक्षण विभागाची. आठ-दहा वर्षाच्या पोराला फक्त टॉयलेटला न्यायला माणूस मिळावं म्हणून आईपासून लांब वसतिगृहात ठेवायचं का?

माझी मागणी मोठी नाही. ज्या शाळेत असा मुलगा किंवा मुलगी आहे तिथे, तो आहे तोपर्यंत, एक काळजीवाहक द्या. गावातलीच बाई किंवा गडी चालेल, आठवडाभर शिकवलं तरी उचलायचं कसं, स्वच्छता कशी ठेवायची हे येतं, मला कोणी शिकवलं नव्हतं तरी आलंच. पोषण आहार शिजवायला शाळेत ताई नेमता येते, मग हे का नाही? मुलगी असेल तर बाईच नेमा, मुलगा मोठा होत असेल तर पुरुष. आणि विशेष शिक्षकांची पदं मुलं मोजून काढा. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षक किती ते ठरवतात त्यात, माझा मुलगा बाकीच्यांसारखा एकच धरतात, त्याच्यामुळे शाळेला अर्धा माणूससुद्धा जास्त मिळत नाही, तिथे बदल करा.

कोणी म्हणेल पैसा कुठून आणायचा. मला त्यातलं कळत नाही, पण चार वर्षं मी फुकट जे काम करतेय त्याचाही काही पैसा होतोच की, फक्त तो माझ्या शिलाईतून गेलाय. आमच्या शेजारच्या गावात अशीच एक मुलगी होती, तिच्या आईला रोजगाराला जावं लागतं, ती बसू शकली नाही. मुलीचं नाव पटावर आहे. शाळेत ती येत नाही.

संपादक साहेब, तुमचे वार्ताहर तालुक्याला असतात. त्यांना एवढंच सांगा की शिक्षण विभागाला विचारा, या तालुक्यात पहिली ते आठवी दिव्यांग मुलं किती, विशेष शिक्षक किती, त्यातले कुठल्या प्रकारचं शिकलेले किती, आणि उचलून न्यावं लागतं अशी मुलं किती. हे चार आकडे गावांच्या नावासकट छापा, मुलांची नावं नकोत.

आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनमध्ये तो पाचवीला जाईल, ती शाळा तीन किलोमीटरवर, तिथल्या मुख्याध्यापकांना मी आत्ताच भेटून आले. प्रवेश देतो म्हणाले, चांगले बोलले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, तुम्ही रोज येणार ना बरोबर?

आपली,
एक पालक
ता. माण, जि. सातारा