हिशेब जमतो का, असं विचारलंत म्हणून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "हिशेब जमतो का गं?" मी "हो, जमतो की" म्हणाले आणि लगेच आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केली. ते "हो" अजून घशात अडकलंय. फोनवर मला थाप मारता येते, कागदावर हात अडतो. म्हणून हे पत्र.

बाबा, हिशेब जमत नाही. बुडालेही नाही, पण नुसत्या शेतावर माझं भागत नाही. आठवड्यातले दोन दिवस मी अजून जुन्याच ऑफिसचं अकाउंट्सचं काम घरून करते. दीड वर्ष ही गोष्ट तुमच्यापासून लपवली, कारण "मग नोकरी सोडलीसच कशाला?" हा प्रश्न मला ऐकायचा नव्हता. आता तो मीच लिहून टाकलाय, तर उत्तरही द्यायला हवं.

आधी पहिल्या वर्षाचं सांगते, कारण तेव्हा मी तुम्हाला फक्त फोटो पाठवत होते. त्यातले ते हिरवेगार रोपांचे ट्रे आठवतात? फोटो काढल्यावर आठच दिवसांत निम्म्याहून जास्त रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. रोपं कोलमडण्याचा हा रोग बुरशीमुळे होतो आणि बुरशीला हवी असते सततची ओल. ती मीच पुरवत होते, दिवसातून तीनदा. आई, मला ताप आला की तू दर तासाला थर्मामीटर लावायचीस, तशी मी ट्रेभोवती घुटमळत होते. तुझी माया मला मानवली, माझी रोपांना मानवली नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडली. पाऊस थांबून दोनच दिवस झाले होते, मला घाई झाली होती आणि मी ओल्या रानात फावडं घातलं. बाबा, "वाफसा आला का बघ" हे तुमच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलंय. तुम्ही ते शेताबद्दल कमी आणि माझ्या परीक्षा, नोकरी, भांडणं यांबद्दल जास्त म्हणायचात, त्यामुळे पावसानंतर रानाची ओल कामापुरती उतरणं हा त्याचा खरा अर्थ विसरून मला ती नुसती बोलायची पद्धत वाटायची. चिकण माती ओली असताना चाळवली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात. त्या दोन वाफ्यांत वर्षभर काही धड वाढलं नाही. आता मी मूठभर माती दाबते, गोळा झाला तर अंगठ्यानं ढोसते. भुगा होऊन पडला तर काम सुरू, नाही तर गुपचूप घरी.

तुमची खरी हरकत मला माहीत आहे. आमच्या वाट्याला ते कष्ट येऊ नयेत म्हणून तुम्ही आजोबांच्या शेतातून बाहेर पडलात, आणि मी शिकूनसवरून परत तिथंच गेले. पण बाबा, मी तिथं परत गेलेले नाही. आजोबांकडे शेत जन्मानं आलं होतं. माझ्याकडे जमीन नव्हती, अवजारं नव्हती, अडलं तर विचारायला भाऊबंद नव्हते. मी बाजूच्या दारानं आत आले, आणि हल्ली बरेच जण असेच येतात.

माझ्यासाठी ते दार होतं 'वूफ'. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या सू कॉपर्ड नावाच्या बाईंना शहराबाहेर, शेतात हात घालायची ओढ लागली होती. तिथं ओळखीचं कोणी नव्हतं. मग त्यांनी एका शेतावर शनिवार-रविवार राबायचं आणि त्या बदल्यात राहायचं-जेवायचं असा बेत जमवला. पुढे तोच प्रकार 'वूफ' या नावानं देशोदेशी पसरला. ऑफिसात बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या बाईनं हे सुरू केलं, हे कळल्यावर मला फार धीर आला होता. मी अशा एका शेतावर पूर्ण हंगाम काढला. पहिला महिना नुसतं तण कुठलं आणि पीक कुठलं हे ओळखण्यात गेला. शिवाय हेही कळलं की छोट्या शेतावरचा निम्मा दिवस धुणं, जुड्या बांधणं, वाहून नेणं आणि याद्या करणं यातच जातो. पेरणी ही त्यातली चैन.

आता आमचा सात जणांचा गट आहे. अवजारं आणि टेम्पो सामायिक. त्यात एक निवृत्त नर्स आहेत, कारखाना बंद पडल्यावर आलेला एक फिटर आहे (सगळ्यांचे पंप तोच दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्याशी कोणी भांडत नाही), दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरनं मोकळ्या हवेत राहायला सांगितलं म्हणून आलेली एक शिक्षिका आहे. घरच्याच शेतात जन्मून तिथंच टिकलेली एकच. आम्हा सहा जणांना माहिती खूप असते, तिला अंदाज असतो. ती बांधावर उभी राहून म्हणते, "इथला बेवड चांगला नाही, औंदा इथं टोमॅटो नको," आणि आम्ही कारण शोधत पुस्तकं उलटतो. (बेवड म्हणजे आधीच्या पिकानं मातीत मागे ठेवलेला गुण-दोष.)

शिकणं जमलं, गिऱ्हाईक जमलं, जमीन मात्र जमेना. गंमत अशी की जमीन कसणारे म्हातारे होत चाललेत आणि नव्या माणसाला ती मिळत नाही. २०२० च्या गणनेत युरोपीय संघातल्या शेती सांभाळणाऱ्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा ६५ किंवा त्याहून जास्त वयाचा निघाला, चाळिशीच्या आतले जेमतेम १२ टक्के. अमेरिकेत २०२२ साली शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ होतं. पण विकायची म्हटली की जमिनीला भाव शेतीचा लागत नाही, घरं बांधणाऱ्यांचा लागतो. भाजी विकून ती रक्कम फेडणं अशक्यच. म्हणून माझे वीस गुंठे खंडाचे आहेत. मालक बाबांच्याच वयाचे, त्यांची मुलं दूर. मी त्यांना काका म्हणते. करार सात वर्षांचा करून घेतला, आणि त्या एका गोष्टीवर मी अडून बसले होते. वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या जमिनीत कोणी खत जिरवत नाही, कारण मातीत घातलेलं फेडायला ती दोन-तीन वर्षं घेते, आणि तोवर दुसराच कोणी तिथं पेरत असतो.

काका रोज संध्याकाळी बांधावर खुर्ची टाकून बसतात. पहिले सहा महिने एक शब्द बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "त्या कोपऱ्यात पाणी साचतं, चर काढ." बस्स. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

'शाश्वत शेती' हा शब्द मला स्वतःला आवडत नाही, सभेतला वाटतो. माझ्यापुरता अर्थ एवढाच की पुढच्या वर्षी बाहेरून थोडं कमी विकत आणावं लागावं. दोन पिकांच्या मधे जमीन उघडी न ठेवता मी द्विदल पेरते आणि फुलावर आलं की गाडून टाकते. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला लागेल अशा रूपात आणून देतात. आई, तू येशील तेव्हा नखानं एक गाठ फोडून दाखवीन. आत गुलाबी असेल तर जिवाणू कामाला लागलेत. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ तिथंच बसून राहिले होते, काम टाकून.

खताचा ढीगही आता साधतो. हिरवा ओला माल आणि सुका पाचोळा यांचं प्रमाण बसलं की ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, आणि तेवढ्या उष्णतेत तणाचं बरंचसं बी मरतं. मी लोखंडी सळई खुपसून ठेवते, पाच मिनिटांनी बाहेर काढून हाताला चटका बसतो का बघते. गांडुळंही परतलीत. डार्विननं १८८१ साली हिशेब मांडला होता, की इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी १० टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. एवढी नांगरट फुकट मिळत असेल तर मी कशाला आड येऊ?

सगळं असं गोड नाही. यंदा मावा नावाच्या किडीनं एक वाफा निम्मा खाल्ला. फवारलं असतं तर मावा मेला असता, पण त्याला खाणारे ढालकिडेही मेले असते, आणि परत येताना मावा त्यांच्या आधी येतो. म्हणून थांबले. ढालकिडे आले खरे, दहा दिवस उशिरा. ते दहा दिवस मी कोणाशी नीट बोलत नव्हते. आई, तुझा त्या आठवड्यातला फोन मी दोनदा उचलला नाही, त्याचं कारण हे.

आता विक्रीचं. अठ्ठावीस कुटुंबं हंगामाच्या सुरुवातीला पैसे भरतात आणि दर आठवड्याला शेतात जे निघेल त्याचा वाटा नेतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट असा व्यवहार जोडला, त्याला तिथं 'तेइकेई' म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये दोन शेतांवर याच धर्तीचं काम सुरू झालं. बियाण्याच्या वेळी हातात पैसा असतो, कर्ज लागत नाही, आणि गारपीट झाली तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पडत नाही. कागदावर हे सुंदर दिसतं. माझ्याकडे सलग तीन आठवडे एकच पालेभाजी निघाली आणि दोन कुटुंबांनी पुढच्या हंगामातून नाव काढून घेतलं. मला राग आला नाही. तीन आठवडे तीच भाजी मीही खाल्ली नसती.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात, म्हणून हा एक मुद्दाम देते. अन्न व कृषी संघटनेशी संबंधित अभ्यासकांनी २०२१ मध्ये मांडलं की जगात ६० कोटींहून जास्त शेतं आहेत, त्यातली सुमारे ८४ टक्के दोन हेक्टरांहून लहान. त्यांच्या वाट्याला शेतजमीन फक्त १२ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातून निघतं जगातलं साधारण ३५ टक्के अन्न. आमच्यातले काही जण ७० टक्के म्हणून सांगत फिरतात. मी त्यांना अडवते. ३५ काय कमी आहे? उगाच फुगवून सांगितलं की खरा आकडाही कोणी मानत नाही. हे तुमच्याकडूनच आलंय माझ्यात.

आणि ते दोन दिवस ऑफिसच्या कामाचे. मला आधी त्याची लाज वाटायची, अर्धवट शेतकरी असल्यासारखं. मग गटात एकदा सगळ्यांनी खरं सांगायचं ठरवलं, तर सातातल्या पाच जणांची शेताबाहेर काही ना काही कमाई निघाली. अमेरिकेतसुद्धा बहुतेक शेतकरी कुटुंबांना जास्त पैसा शेताबाहेरूनच मिळतो, असं तिथल्या कृषी खात्याचे आकडे सांगतात. त्या दोन दिवसांच्या पगारामुळे मला ढालकिड्यांची वाट बघणं परवडलं. तो नसता तर तिसऱ्या दिवशीच पंप पाठीला लावला असता. म्हणजे नोकरी मी पाच दिवसांची सोडली, दोन दिवसांची ठेवली. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. पुढच्या वर्षी एक दिवस कमी करायचा विचार आहे. जमलं तर. नाही जमलं तर यावेळी लपवणार नाही.

सोबत हिशेबाच्या वहीची झेरॉक्स पाठवतेय, दोन्ही वर्षांची. माझे स्वतःचे कामाचे तास शेवटच्या रकान्यात आहेत. ते मजुरीच्या दरानं खर्चात धरायचे की नाही यावर गटात रोज वाद होतो, तुमचं मत हवंय. लाल पेन घेऊन बसा आणि कुठं गळती दिसते ते खुणा करून परत पाठवा. सातव्या पानावरची बेरीज मी दोनदा केली, दोन्ही वेळा वेगळी आली. ती तशीच ठेवलीय, तुमच्यासाठी.

आई, गुडघ्याचं खरं काय ते कळव. आता तुझी पाळी.

तुमची,
धाकटी