पसरणी घाटात मदतीला धावलेल्यांचे मनापासून आभार

फाल्गुनातला तो आठवडा भिलारकर विसरणार नाहीत. सोमवारी पहाटे हुडहुडी भरवणारी थंडी, बुधवारी दुपारी अंगाची लाही आणि गुरुवारी चारच्या सुमाराला पांचगणीवर काळंकुट्ट आभाळ. दिवसा रान तापतं, समुद्राकडून दमट वारं येतं आणि ढग सरळ वर चढतात. गारा अशाच होतात.

स्ट्रॉबेरीचे चाळीस क्रेट घेऊन आम्ही वाईकडे उतरत होतो. घाटात वाऱ्याने गाडीवरची ताडपत्री टराटरा फाडली. पिकलेल्या फळाला पाणी लागलं की ते मऊ पडतं आणि लवकरच त्यावर करडी बुरशी दिसते. मी नुसता बघत उभा राहिलो.

तेवढ्यात मागचा टेम्पो थांबला. त्या दादांनी स्वतःची ताडपत्री सोडून आमच्या मालावर टाकली. दुचाकीवरची दोन पोरं गारांचा मारा खात दोर आवळत होती. एकाच्या हाताला दोराचा काच बसून रक्त आलं, तरी गाठ पक्की होईपर्यंत त्याने दोर सोडला नाही. एसटीतून उतरलेल्या एका मावशींनी माझ्या कुडकुडणाऱ्या मुलीला पदराखाली घेतलं. नावं विचारायचंही राहून गेलं.

तुमच्यामुळे पस्तीस क्रेट वाचले. तुम्हा सगळ्यांचे उपकार फिटणारे नाहीत. दादा, कोपऱ्याला निळं ठिगळ असलेली तुमची ताडपत्री धुऊन, वाळवून ठेवली आहे. भिलारला या, घरी जेवून जा.