थेट पाइपलाइन आली, आता फ्लशकडं पण बघा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

कोल्हापुरात पाण्यावर बोलायचं म्हटलं की गाडी थेट पाइपलाइनवरच येऊन थांबते. किती वर्षं मागणी, मोर्चे, निवडणुकीतली आश्वासनं, मग 2023 च्या दिवाळीत एकदाचं काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपातनं शहरात आलं आणि आता तक्रार अशी की आमच्या भागात दाबच नाही. तक्रार खरीय, मी पण त्यातलाच. पण धरणातनं पाणी उपसायचं, 50 किलोमीटरच्या वर पाइपातनं आणायचं, पुईखडीला शुद्ध करायचं, मग आपण आपल्या मोटरीनं परत गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि एवढं सगळं करून त्यातलं बरंचसं संडासात ओतायचं, ह्यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी रोज 135 लिटर धरून करतात, आणि बांधकामाच्या राष्ट्रीय संहितेत त्यातलं 45 लिटर नुसतं फ्लशसाठी धरलंय. म्हणजे सरळ तिसरा हिस्सा! जुन्या टाक्या एका दाबात 10 लिटर किंवा त्याहून जास्त सोडतात, मग लघवीला गेला असाल तरी तेवढंच. दोन बटणांची टाकी असेल तर मोठ्या बटणाला साधारण 6 आणि छोट्याला 3 लिटर जातं. चार माणसांचं घर धरा, प्रत्येकानं दिवसात पाचदा फ्लश केला तर जुन्या टाकीनं 200 लिटर गेलं, आणि एकदा मोठं, चारदा छोटं असं दाबलं तर 72. वाचलेल्या पाण्यात घरातली धुणीभांडी निघतील. फक्त घरी पाहुणे आले की ते दोन्ही बटणं एकदम दाबतात, त्याला इलाज नाही 😄

पण खरी गंमत गळतीत आहे. नळ गळला तर टपटप ऐकू येतं, बादली तरी लावतो आपण. फ्लशची टाकी गळते ती कमोडच्या आतल्या भिंतीवरनं, पातळ धारेनं, आवाज न करता, रात्रंदिवस. आत तळाला रबराचा वॉशर असतो तो कडक होतो, बोअरचं पाणी असेल तर त्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो आणि मग तो नीट बसतच नाही. नाहीतर बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगत्या गोळ्याचा कॉक, वेळेवर बंद होत नाही आणि पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीतनं उतरत राहतं. तपासायला प्लंबर लागत नाही. जिलेबीचा रंग चिमूटभर टाकीत टाका, अर्धा तास फ्लश दाबू नका, कमोडमध्ये रंग उतरला तर वॉशर गेलाय म्हणून समजा. वॉशर काय फार महागाची वस्तू नाही, पण सोसायटीत पाण्याचं बिल सगळ्यांत वाटून येतं ना, त्यामुळं कोण बघतोय! मोटर दिवसातनं तीनदा का लावावी लागते ह्यावर मीटिंगमध्ये वॉचमनला बोलणी बसतात, टाकीचं झाकण कुणी उघडत नाही.

अजून एक, टाकीत वीट टाकायचा जुना सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरत असतो, तो ऐकू नका, वीट भिजून भुगा होते आणि वॉल्वमध्ये अडकते. त्यापेक्षा पाणी भरलेली लिटरची बाटली, बॉलकॉकला अडणार नाही अशी उभी करा. आणि जुनं कमोड 10 लिटरच्या हिशोबानं केलेलं असेल तर त्याला नुसती छोटी टाकी जोडून भागत नाही, एकदात साफ होत नाही मग माणूस दोनदा दाबतो, कमोड आणि टाकी एकमेकांला जुळणारी घ्यावी लागते. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

पेठांतल्या जुन्या घरांत अजून बादली-तांब्यावर चालतं तिथं हा प्रश्नच नाही, उधळपट्टी आहे ती आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांची. आणि संडासात ओतलेलं पाणी तिथं संपत नाही. ते सांडपाणी होतं, जयंती नाल्यातनं उपसून कसबा बावड्याच्या सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्राकडं न्यावं लागतं, आणि जे उपसायचं राहतं ते सरळ पंचगंगेत. खाली इचलकरंजी, शिरोळकडच्या लोकांनी काय प्यायचं? नदी प्रदूषणाच्या नावानं आपण कारखान्यांकडं बोट दाखवतो, ते दाखवायलाच पाहिजे, पण शहराचं सांडपाणी पण त्यात आहेच.

महापालिकेकडं मागणी एवढीच आहे की नवीन इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना रेन वॉटर हार्वेस्टिंग बघता तसं दोन बटणांच्या टाक्या बसवल्यात का तेही बघा, कारण बिल्डर स्वस्तातलं बसवून मोकळा होतो आणि पुढं तीस वर्षं पाणी आपण भरतो. आणि सुरुवात सरकारी ऑफिसांतल्या, मार्केटमधल्या सार्वजनिक संडासांपासनं करा. तिथं एकतर टाकी फुटलेली असते नाहीतर कॉक अडकून पाणी धो धो वाहत असतं, आणि शेजारी भिंतीवर बोर्ड, 'पाणी वाचवा'.

— एक फ्लॅटधारक, राजारामपुरी, कोल्हापूर