कन्नौजला अत्तर घेण्याआधी भट्टी पाहा

संपादक महोदय,

लखनौ-आग्र्याची सहल आखणारे हल्ली अत्तरासाठी प्रसिद्ध असलेले कन्नौजही त्यात जोडतात. कानपूरहून ते जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. मात्र दुकानात मनगटावर चार थेंब लावून परतण्यात अर्थ नाही. कारखान्याची आधी परवानगी घ्यावी आणि सकाळी लवकर पोहोचावे, कारण उन्हे चढली की फुलांचा वास उडू लागतो, म्हणून डेग, म्हणजे फुले उकळायचे मोठे भांडे, सकाळीच भरतात. गुलाबाचा हंगाम साधारण मार्च-एप्रिल. बेला, म्हणजे आपला मोगरा, त्यानंतर. भाजलेल्या मातीपासून काढलेले मिट्टी अत्तर उन्हाळ्यात.

तांब्याच्या डेगमध्ये फुले आणि पाणी घालून वर सरपोस, म्हणजे झाकण, बसवतात. फट चिकणमाती व कापसाने लिंपतात. दोरी गुंडाळलेला बांबूचा चोंगा, म्हणजे नळी, तिथून वाफ गोळा करणाऱ्या भपक्यात जातो. लांब मानेचा हा तांब्याचा भपका पाण्याच्या हौदात बुडालेला असतो आणि त्यात चंदनाचे तेल आधीच ओतलेले असते. फुलांची वाफ थंड होऊन त्या तेलात मुरते. खाली लाकूड आणि गोवऱ्यांचा जाळ. तापमापक नाही, दाबमापक नाही. कारागीर हौदात हात घालून भपका चाचपतो आणि तो किती भरला ते सांगतो. पाहण्यासारखे खरे कौशल्य हेच. जाळ वाढला तर फुले करपतात, लिंपण सुटून वाफ वाया जाते. हौदाचे पाणी तापले तर वाफ नीट थंडच होत नाही.

भपका निवला की तळाशी बसलेले पाणी बुडाच्या छिद्रातून काढून पुन्हा डेगमध्ये घालतात. तेल तेच, फुले ताजी. असे सुमारे पंधरा दिवस चालते. उरलेला ओलावा अत्तर बिघडवतो, म्हणून पूर्वी ते चामड्याच्या कुप्पीत ठेवत. चामड्यातून पाणी झिरपून जाते, तेल आत राहते. धातूच्या डब्यात हे होत नाही.

खरेदीचा प्रश्न एकच: भपक्यात कोणते तेल ओतले होते? चंदनाचे तेल किलोला लाखाच्या वर गेल्याने अनेक ठिकाणी त्याऐवजी लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल किंवा डीओपी वापरतात. पॅराफिन सांगून विकले तर तक्रार नाही. चंदनाच्या नावाने विकले तर ती फसवणूकच. डीओपी हे तर प्लॅस्टिक मऊ करण्याचे रसायन. ते अंगाला लावायच्या अत्तरात नकोच. रूह गुलाबात चंदन नसते, निव्वळ गुलाबतेल असते आणि एका किलोला तीन ते पाच टन फुले लागतात. मग शे-दोनशे रुपयांच्या बाटलीत काय असेल, हा हिशोब गिऱ्हाइकानेच करावा. कन्नौजच्या अत्तराला २०१३ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण त्यामुळे प्रत्येक बाटली तपासली जाते असे नाही. शंका असेल तर तिथल्याच सरकारी सुगंध व स्वाद विकास केंद्रात चौकशी करावी. मोठी बाटली घेण्याआधी तीन मिलिलिटरची कुपी घेऊन, हातावर लावून, संध्याकाळपर्यंत थांबावे.

— एक वाचक, पुणे