अर्ध्या प्लेटबद्दल, ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

दुपारी साडेबारा ते अडीच तुमच्या खाणावळीत तुम्हाला मान वर करायला सवड नसते, आणि मला पंचवीस मिनिटांत कोर्टासमोरच्या ऑफिसात परत जायचं असतं. म्हणून लिहून कळवतेय. चार लोकांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या मंगळवारी तुम्हाला चार लोकांसमोरच ऐकून घ्यावं लागलं. "हे हमस-फलाफल काय आपलं खाणं आहे का? नाशकात मिसळ सोडून हे कोण खाणार?" ते गृहस्थ काउंटरवर उभे राहून बोलत होते. तुम्ही काही न बोलता पाण्याचा ग्लास पुढे केलात. मी शेजारच्याच बाकावर होते. मी बोलायला हवं होतं, पण बोलले नाही. तेव्हापासून ते मनात घोळतंय.

मी एकोणीस वर्षं वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. पहाटे पाचला उठून तीन डबे भरते. ह्यांचा सातपूरला जातो, मुलाचा कॉलेजात, लेकीचा शाळेत. चौथ्या डब्यापुरती पोळी उरली तर उरली. दुपारी खाली उतरून वडापाव नाहीतर साबुदाणा वडा, वर चहा. तारखांची गर्दी असली की तेही नाही. गेल्या पावसाळ्यात तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात, दुपारचं जेवण नीट करा. नीट जेवण शहराच्या मध्यात, माझ्या पगारात कुठे मिळणार, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग एक दिवस अशोकस्तंभाकडून येताना तुमची पाटी दिसली. प्लेट १४० रुपये. दारात उभं राहून मी पाकीट उघडून पाहिलं, ते तुम्ही पाहिलंत. "अर्धी मिळेल का?" म्हटलं, तर तुम्ही "बसा" एवढंच म्हणालात. पाच मिनिटांत समोर आलं: हमसच्या, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांच्या वाटीत चमच्याने केलेला खळगा, त्यात थोडंसं ऑलिव्ह तेल, तीन फलाफल, म्हणजे चण्याचे छोटे वडे, काकडी-टोमॅटोवर लिंबू पिळून बारीक चिरलेली कोथिंबीर आणि पुदिना, आणि तव्यावरून उतरवलेली एक छोटी पिटा पोळी, अजून फुगलेली. बोट लावलं तर आतली वाफ बाहेर आली. मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. गरम पोळी मी रोज वाढते, पण माझ्यासाठी म्हणून भाजलेलं काही माझ्या पानात येऊन खूप वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी पाटीवर खडूने नवी ओळ होती, 'अर्धी प्लेट ८०'. माझं नावही तुम्ही विचारलं नव्हतंत. आता ती अर्धी प्लेट लॉ कॉलेजची मुलं खातात, समोरच्या बँकेचे वॉचमनकाका खातात, औषधाच्या दुकानातल्या दोघी खातात.

आता त्या गृहस्थांना जे सांगायचं राहिलं ते. बाबा गनूश म्हणून तुम्ही जे देता ते भरीत आहे हो! विस्तवावर भाजलेलं वांगं, सालं काढून ठेचलेलं. फक्त दाण्याच्या कुटाऐवजी त्यात तिळाची पेस्ट, ताहिनी. वांगं तर इथूनच तिकडे, अरब देशांत गेलं. संस्कृतातलं वातिंगण फारसीतून अरबीत गेलं आणि बादिंजान झालं. टोमॅटो मात्र त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही अमेरिकेतून आला, आणि आज पिंपळगावच्या टोमॅटोला कोणी परदेशी म्हणत नाही. लबने म्हणजे श्रीखंडात साखर पडायच्या आधीचा चक्का, मीठ घातलेला. मुजद्दरा म्हणजे मसूर-तांदळाची खिचडी, वर तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा. तबुले या कोशिंबिरीत लापशीचा दलिया. माझ्या सासूबाईंना मी डब्यातून मुजद्दरा नेऊन दिला, तर त्या म्हणाल्या, "मसुराची खिचडी छान झालीय, कांदा कोणी एवढा निगुतीने परतला?" तो कांदा मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हलवत राहावा लागतो, हे मला तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कळलं.

तुम्ही काही लपवत नाही, याचंही मला फार वाटतं. ऑलिव्ह तेल महाग, म्हणून ते फक्त वरून घालता, फोडणी-परतण्याला शेंगदाणा तेल वापरता, आणि तसं पाटीवर लिहिता. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घालता, तेही लिहिता. ताहिनी विकत न आणता तीळ हलके भाजून घरीच वाटता. फलाफल आप्पेपात्रात करता, म्हणजे तेल चमचाभर लागतं. मी घरी केले तेव्हा चणे शिजवून घेतले आणि सगळं पीठ ओघळलं. तुम्ही सांगितलंत की हमसला काबुली चणे बोटाने चुरडतील इतके शिजवायचे, पण फलाफलला नुसते रात्रभर भिजवून कच्चेच वाटायचे. एवढी गुरुकिल्ली कोणी हॉटेलवाला गिऱ्हाइकाला देत नाही.

हात धुवायच्या जागेवर तुम्ही एक कागद लावलाय. अन्सेल कीझ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या, आहार आणि हृदयविकारावरच्या सात देशांच्या अभ्यासाचा. ग्रीसच्या क्रीट बेटावरची माणसं डाळी, भाज्या, ऑलिव्ह तेल खात आणि त्यांच्यात हृदयविकार फार कमी दिसला. लेकीने शोधून सांगितलं की त्या अभ्यासातले बारा हजारांहून जास्त लोक सगळे पुरुषच होते. रांधणाऱ्या बायकांची मोजणीच नव्हती. ते वाचून मला वाईट वाटलं. नंतर स्पेनमध्ये अशाच आहाराचा जो मोठा अभ्यास झाला, २०१३ साली छापून आलेला आणि चुका दुरुस्त करून २०१८ मध्ये पुन्हा छापलेला, त्यात निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. तोही कागद शेजारी लावाल का? हवा तर मी टाइप करून देते.

सात महिन्यांनी माझं एचबीएवनसी ५.८ आलं. गोल्फ क्लबच्या मैदानावर रोज सकाळी चालतेय, डॉक्टरांचं श्रेयही आहेच. पण दुपारी चार वाजता हात थरथरायचे, टाइप करताना ओळी गळायच्या, ते थांबलं ते तुमच्याकडच्या जेवणाने. याबद्दल तुमचे मनापासून आभार. आणि त्या दिवशी 'बसा' म्हणालात, त्याबद्दल त्याहून जास्त.

परवा तुम्ही म्हणत होतात की द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून दोलमा करावीशी वाटते, पण बागांवर डाऊनी-भुरी या रोगांची औषधं मारलेली असतात, ती पानं कशी घ्यायची. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. बाग भावाची आहे, तिथली पानं नकोतच. पण घराच्या मागे आईने लावलेला एक वेल मांडवावर चढलाय, फक्त सावलीसाठी. त्यावर कधी फवारणी झालेली नाही. एप्रिलच्या छाटणीत भाऊ तोही छाटतो, आणि मग महिनाभरात नवी पालवी येते. पानं तळहाताएवढी झाली की रविवारी जाऊन पिशवीभर खुडून आणते. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली चालतील ना? आणि देठ ठेवायचे की खुडतानाच काढायचे, तेवढं मला आधी सांगून ठेवा.

तुमची,
खिडकीजवळच्या बाकावरची, अर्धी प्लेटवाली