गुडघ्याचा खर्च लेखी द्या : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. रस्त्यावरून घरी यायचं तर जांभ्या दगडाची पाखाडी उतरावी लागते, ४२ पायऱ्या. आई ६८ वर्षांची आहे. गेल्या पावसात ती पाखाडी उलटी उतरायला लागली. तोंड डोंगराकडे, हात वरच्या पायरीवर, शिडीवरून उतरतात तशी. तेव्हा कुठे आम्ही तिला डॉक्टरकडे न्यायचं मनावर घेतलं. आमच्याकडे गुडघेदुखीला आजार म्हणत नाहीत, वय म्हणतात.

आधी तालुक्याला सरकारी रुग्णालयात गेलो. आपल्या विभागाने ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत केलेत, त्याप्रमाणे एक पैसा पडला नाही. पण हाडांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, आणि एक्स-रे काढला तो आईला आडवं झोपवून. रत्नागिरीच्या खासगी डॉक्टरांनी तो बघून बाजूला ठेवला. "उभं राहून काढलेला हवा. अंगाचा भार पडल्याशिवाय सांध्यात फट किती उरलीय ते कळत नाही." म्हणजे पुन्हा एक्स-रे, पुन्हा पैसे. एसटीत बायकांना तिकीट निम्मं झालं हे खरं, पण गाडीची पहिली पायरी होती तेवढीच उंच आहे. आईला दोघांनी धरून चढवावं लागतं.

हे डॉक्टर मात्र भले. लगेच गुडघा बदलायचं ऑपरेशन म्हणाले नाहीत. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, थोडं वजन कमी, उकिडवं बसणं बंद, हातात काठी, दुखेल तेव्हा गोळी. तीन महिने हे करून बघू म्हणाले. व्यायाम शिकवणारा माणूस आमच्या बाजूला कुठेच नाही, म्हणून दर वेळी रत्नागिरी गाठायची. चार फेऱ्या झाल्यावर आईच म्हणाली, "जाऊन येऊन जेवढं दुखतं, तेवढंच तिकडं बरं होतं. पुरे आता." तिचं काय चुकलं? उपचार स्वस्त आहे, वाट महाग आहे.

शेवटी ऑपरेशनचं विचारायला दोन खासगी रुग्णालयांत गेलो, एक कोकणातलं, एक घाटावरचं. एका ठिकाणी एका गुडघ्याचे अडीच लाख सांगितले, दुसरीकडे पावणेचार. घाटावरच्या काउंटरवरच्या बाईंनी कोऱ्या कागदावर एकाखाली एक तीन आकडे लिहिले आणि पुढे 'इंडियन', 'इम्पोर्टेड', 'हाय फ्लेक्स' असे शब्द. मी म्हटलं, कागद द्या, घरी बसून विचार करतो. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "अहो, ते फक्त तुम्हाला समजावं म्हणून."

साहेब, मी पतसंस्थेत कारकून आहे. २० हजारांचं कर्ज द्यायचं तरी आम्ही हप्ता, व्याज, दंड सगळं कागदावर देतो, खाली सही घेतो. इथे पावणेचार लाखांचा व्यवहार तोंडी!

घरी येऊन शोधाशोध केली. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, जो आधी सरासरी १ लाख ५८ हजारांना पडायचा, तो ५४,७२० रुपयांवर आला; जीएसटी वेगळा. बिलात सांध्याची किंमत, ब्रँड, बनवणारी कंपनी, बॅच नंबर हे स्वतंत्र दाखवलं पाहिजे, असंही त्या आदेशात आहे. म्हणजे सांध्याला लगाम आहे. सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, खोली, 'इतर' यांना तो नाही, आणि सगळं 'पॅकेज' नावाच्या एकाच गोणीत भरलं की आत काय कितीचं आहे ते कोणाला दिसणार? शिवाय शुश्रूषागृह नोंदणीच्या आपल्याच २०२१च्या सुधारित नियमांत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. दोन्ही ठिकाणी मी भिंती बघितल्या. एका भिंतीवर गणपती होता, दुसऱ्या भिंतीवर धबधबा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, तेही विचारून झालं. रुग्णालयात बसणारे योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, नम्रपणे म्हणाले, "योजना आहे, पण गुडघा इथे होत नाही." मग कुठे होतो? त्यांनी फोन नंबर दिला. आमच्याकडचं नेटवर्क आपल्याला ठाऊक असेलच.

माझं मागणं फार नाही. रुग्णालयाने ऑपरेशनआधी मराठीत, सही-शिक्क्यानिशी, बाबनिहाय अंदाजपत्रक द्यावं. सांधा वेगळा, फी वेगळी, खोली वेगळी, नंतरचे व्यायामही त्यात. पॅकेजबाहेरचा खर्च कधी लागू शकतो, तेही लिहावं. योजनेत गुडघा कुठल्या रुग्णालयात होतो, त्याची यादी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर लावावी. आणि आठवड्यातून एक दिवस तरी, ठरलेल्या वारी, व्यायाम शिकवणारा माणूस तालुक्याला बसावा.

घाटावरच्या रुग्णालयाला मी रजिस्टर पोस्टाने लेखी अंदाजपत्रक मागितलं आहे. पोचपावती आली, अंदाजपत्रक अजून नाही. आई सध्या वरच्या रस्त्याला असलेल्या मावशीकडे राहायला गेली आहे.

आपला,
एक मुलगा
ता. राजापूर, जि. रत्नागिरी